बॅटरी बदलली, म्हणजे बदललीच!

लॅपटॉपची बॅटरी बदलणं ही काय घाबरण्यासारखी गोष्ट आहे? मुळीच नाही! खालचं झाकण उघडायचं, जुनी काढायची, नवी ठेवायची, झाकण लावायचं. ज्याला डब्याचं झाकण लावता येतं त्याला हे जमतं! हे मी बायकोला सकाळी चहा पिता पिता सांगितलं, आणि तेही स्क्रूड्रायव्हर बोटांवर फिरवत.

"दुकानात देऊ या ना," ती म्हणाली. "आजच्या दिवशी प्रयोग नको."

"प्रयोग? अगं, मी व्हिडिओ बघितलाय! दोनदा!"

आजच्या दिवसाचं काय, ते आधी सांगतो. बायको पूर्वी रुग्णवाहिकांच्या कंट्रोल रूममध्ये होती. घाबरलेल्या लोकांचे फोन घ्यायचे, पत्ता काढून घ्यायचा, गाडी पाठवायची. माझ्या बदलीपायी तिला ते काम सोडावं लागलं. आता इथल्या कंट्रोल रूममध्ये शिफ्टप्रमुखाची जागा निघाली होती आणि दुपारी तिची ऑनलाइन मुलाखत होती. नुसती मुलाखतही नाही, स्क्रीनवरच्या नकाशात गाड्या पाठवून दाखवायची चाचणीसुद्धा, म्हणजे मोबाइलवर भागणार नव्हतं. ही नोकरी तिला इतकी हवी होती की हल्ली ती झोपेतसुद्धा कुणाला तरी विचारायची, "जवळची खूण सांगा!" आणि नेमकी आजच दुपारी आमच्या इमारतीची वीज दुरुस्तीसाठी बंद राहणार होती! इंटरनेटचं काम फोनवर झालं असतं, पण लॅपटॉपची जुनी बॅटरी चार्जर काढला की मान टाकायची. म्हणून तर नवी मागवली होती.

जेवणाच्या टेबलावर मी दवाखाना थाटला. मदतीला बाबा. माझे वडील उभा जन्म चष्म्याच्या दुकानात काढून निवृत्त झालेत. खिशात कायम ते पिवळं मऊ फडकं! हातात आलेली वस्तू पुसल्याशिवाय ते खाली ठेवत नाहीत, मग तो चमचा असो, नाहीतर टीव्हीचा रिमोट.

स्क्रू निघाले. झाकण निघालं. आत ही धूळ! मी फुप्फुसं भरून एक जोरदार 'फूऽऽ' मारली, शिंकलो, जुनी बॅटरी काढून बाबांच्या समोर नवीच्या शेजारी ठेवली, डोळे धुऊन आलो, नवी उचलून बसवली, झाकण लावलं. एक स्क्रू उरला, तो गुपचूप खिशात टाकला. मग काढलेली बॅटरी घेऊन खाली गेलो आणि फाटकाशी उभ्या असलेल्या ई-कचऱ्याच्या गाडीत ती टाकून आलो. जबाबदार नागरिक हो!

"बघ!" वर येऊन मी बटण दाबलं. चार्जर लावलेला होता. लॅपटॉप झकास सुरू झाला. "बॅटरी बदलली, म्हणजे बदललीच!"

"चार्जर काढून दाखव," बायको म्हणाली.

काढला. लॅपटॉप गप्प! पडदा काळा!

"नवी आहे ना, बुजली असेल," मी म्हणालो.

मग सुरू झाली माझी खरी लढाई. व्हिडिओतला माणूस म्हणाला, सगळ्या वायरी काढून पॉवरचं बटण दाबून धरा. धरलं. अंगठा पांढरा पडला. चार्जर लावला, सुरू. काढला, बंद! पुन्हा झाकण उघडलं, जोडणीची पट्टी नीट दाबून बसवली. सुरू. बंद! आता खिशातले स्क्रू दोन झाले होते.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे पूलवाले काका आले. हे पूल बांधणारे इंजिनियर. पण इंजिनियर म्हटल्यावर घरातल्या मिक्सरपासून लॅपटॉपपर्यंत सगळ्यावर त्यांचं मत असतं.

"लोड नीट वाटला जात नाहीये," काका म्हणाले.

"कसला लोड?"

"ते उघडल्याशिवाय कसं कळणार!"

झालं! तिसऱ्यांदा झाकण उघडलं. काकांनी आत टॉर्च मारून बराच वेळ पाहिलं आणि पाया मजबूत असल्याचं सांगितलं. मग त्यांनी स्वतःचा चार्जर आणला. तो लागेचना! मी जोर लावला, काका म्हणाले "हळू", बाबा म्हणाले "पुसून बघ", आणि मी चक्क ओरडलो, "सगळ्यांनी जरा गप्प बसा! मला धुराचा वास येतोय!"

स्वयंपाकघरातून बायको बाहेर आली. आमचं एकमेकांशी बोलणं 'अरे-तुरे'चं. ती मला 'तुम्ही' म्हणायला लागली की समजावं, आपण आता नवरा राहिलो नाही, आपत्कालीन कॉल झालो!

"शांत व्हा. मी इथेच आहे," ती म्हणाली. "धूर दिसतोय का?"

"न... नाही."

"वास कुठून येतोय?"

मी हुंगलं. "स्वयंपाकघरातून."

"तो टोस्ट आहे. लांब श्वास घ्या. आता सांगा, आत बसवलेली बॅटरी दाखवता का?"

तिने बाबांच्या खिशातलं भिंग घेतलं, लॅपटॉपवर वाकली आणि बॅटरीवरची बारीक अक्षरं वाचली. मग भिंग शांतपणे खाली ठेवलं.

"यावर लॅपटॉप घेतला तेच साल आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे ही जुनीच आहे."

"शक्यच नाही! मी स्वतः चकचकीत बघून उचलली! जुनी तर धुळीने माखलेली होती!"

आम्ही सगळे हळूहळू बाबांकडे वळलो. बाबा काकांचा चार्जर पुसत होते.

"बाबा, तुम्ही जुनी बॅटरी पुसलीत?"

"पुसली म्हणजे काय! कोपरे न् कोपरे काढले. नंतर शेजारी ठेवून दिली. ती दुसरी मात्र फार घाण होती हो, तुझ्या फुंकरीने सगळी धूळ तिच्यावरच बसली. तिला हात लावणार, तेवढ्यात तू ती कचऱ्यात घेऊन गेलास. म्हटलं, बरं झालं!"

आपलेच दात, आपलेच ओठ! म्हणजे मी नवी कोरी बॅटरी जबाबदारीने कचऱ्यात टाकून आलो होतो! बायकोचा चेहरा पहिल्यांदा पडला. ती नुसती घड्याळाकडे बघत राहिली, आणि तेच मला जास्त लागलं. या बाईने माझ्या बदलीपायी एकदा नोकरी सोडली होती. आता माझ्या फुंकरीपायी दुसरी जाणार होती!

मी धावलो! चपला दोन वेगवेगळ्या, खांद्यावर टॉवेल, हातात स्क्रूड्रायव्हर! फाटकाशी गाडी नाही. कोपऱ्यावर नाही. दारोदार थांबत चाललेली ती पुढच्या गल्लीत वळताना दिसली! "ओ गाडीवाले! थांबा! माझी बॅटरी!"

गाडीवाल्याने आरशात पाहिलं. स्क्रूड्रायव्हर उगारून धावत येणारा माणूस बघून त्याने वेग वाढवला. त्याचं काय चुकलं? मीसुद्धा तेच केलं असतं! शेवटी एका म्हाताऱ्या बाईंनी हात करून गाडी थांबवली, कारण त्यांना मोडकी इस्त्री टाकायची होती. देव माणसाच्या रूपात येतो म्हणतात, तो हा असा!

"लोक टाकायला येतात, तुम्ही न्यायला आलात?" गाडीवाला खिडकीतूनच म्हणाला. "आधी ते हत्यार खाली ठेवा."

ठेवलं. मागे चढलो. मेलेले फोन, कीबोर्ड, पंखे, कुणाचा तरी हेअर ड्रायर... आणि एका मिक्सरखाली ती! धुळकट, दुर्लक्षित, माझी! मी तिला छातीशी धरलं, स्क्रूड्रायव्हर उचलला आणि तडक घर गाठलं. इमारतीत पाऊल ठेवलं आणि लिफ्टमधला दिवा गेला. वीज बंद! जिने चढून वर पोचेपर्यंत माझ्या छातीचा भाता झाला होता.

चौथ्यांदा झाकण उघडलं. या वेळी भिंगातून साल वाचलं, बाबांनी वाचलं, काकांनीही वाचून खात्री केली. बसवली. बायकोने बटण दाबलं.

सुरू! चार्जरशिवाय सुरू! मी काकांना मिठी मारली, काकांनी बाबांना मारली, बाबांनी लॅपटॉप पुसला. बॅटरी भरलेली होती जेमतेम निम्मी, पण होती!

बायको केस नीट करून कॅमेऱ्यासमोर बसली. पडद्यावर मुलाखत मंडळाचे तीन चेहरे आले. चाचणी तिने अशी सोडवली की काय सांगू! नकाशावर गाड्या भराभरा जागच्या जागी जात होत्या. मी कॅमेऱ्यात न दिसता टेबलाखाली बसलो होतो, मान बाहेर काढून, आणि माझी नजर फक्त पडद्याच्या कोपऱ्यातल्या बॅटरीच्या चिन्हावर. उतरत होती! चांगलीच उतरत होती! मुलाखत संपेपर्यंत टिकेल? मला राहवेना. व्हिडिओतला माणूस म्हणाला होता, उजेड कमी केला की बॅटरी वाचते. मी हळूच हात वर नेला आणि कीबोर्डवरचं छोट्या सूर्याचं बटण दाबलं. थोडा फरक पडला. मग दाबूनच धरलं.

पडदा काळा!

"गेली!" मी टेबलाखालून किंचाळलो. "गेली गं, गेली! सगळं संपलं! माझ्यामुळे संपलं!"

बायको जागची हललीसुद्धा नाही.

"शांत व्हा," ती म्हणाली. "मी तुमच्याबरोबर आहे. आधी मला सांगा, तुम्ही काय दाबलंत?"

"सू... सूर्य! छोटा सूर्य!"

"छान सांगितलंत. त्याच्या शेजारी मोठा सूर्य आहे. दिसतोय का?"

"दिसतोय!"

"तो दाबा. सावकाश. दाबत राहा."

दाबला. पडद्यावर पहाट झाली! आणि त्या पहाटेत मंडळाचे तिन्ही चेहरे, तोंडावर हात धरलेले! पडदा काळा झाला होता, पण माईक मात्र ठणठणीत चालू होता.

अध्यक्षबाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. "आमचा शेवटचा प्रश्न होता, भेदरलेल्या माणसाला तुम्ही फोनवर कशा सांभाळाल? तो आता विचारण्यात अर्थ नाही. सोमवारी रुजू व्हा. फक्त एवढं सांगा, ते गृहस्थ आता कसे आहेत?"

बायकोने टेबलाखाली वाकून माझ्याकडे नीट पाहिलं.

"धोक्याबाहेर आहेत, मॅडम. स्क्रूड्रायव्हर काढून घेतलाय."