एर्मानोच्या फोनचे सहा आकडे

"तोंड फ्रिजकडे कर," एर्मानो म्हणाला.

निवेसने खुर्ची फिरवली. वय सेहेचाळीस, रियेकाच्या वाचनालयात ग्रंथपाल, आणि शनिवारी दुपारी ती बापाच्या स्वयंपाकघरात फ्रिजवरच्या कॅलेंडरकडे बघत बसली होती. तिच्या पाठीमागे एर्मानो नव्या फोनला कुलूप लावत होता. सहा आकडे, एकेक करून, पुटपुटत.

"बाबा, ऐकू येतंय."

"मग कान झाक."

पन्नास वर्षं तो मिर्ना नदीकाठच्या ओकांच्या रानात ट्रफल शोधत आला होता. ही महागडी अळंबी जमिनीखाली झाडांच्या मुळांशी वाढते आणि कुत्र्याच्या नाकाशिवाय कोणाला सापडत नाही. कोणत्या झाडाखाली काय आहे, हे त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं. पण गेल्या हिवाळ्यापासून झाडं आठवेनाशी झाली, म्हणून लेकीने त्याला फोनमधल्या नकाशावर खुणा करायला शिकवलं होतं.

"आणि त्या रीनोने उघडायचा प्रयत्न केला तर? माझ्या झाडांवरच डोळा आहे त्याचा."

"दहा वेळा चुकलं की सगळं आपोआप पुसलं जाईल, अशी सोय आहे. चालू करू?"

"तीनच कर. दहा म्हणजे फार झाले."

"दहाच असतात."

"बरं, दहा. चिवट आहे तो."

"एक प्रत क्लाउडवर ठेवते, म्हणजे फोन हरवला तरी..."

"कुठं?"

"क्लाउडवर. ढगात म्हण."

"माझी झाडं ढगात नकोत," एर्मानो म्हणाला, आणि विषय संपला.

संध्याकाळी तिने गाडी सुरू केली, तेव्हा त्याने काचेतून तांदळाची बरणी आत दिली. तांदळात अक्रोडाएवढा ट्रफल पुरलेला होता. माया बोलून दाखवायची त्यांच्यात पद्धत नव्हती.

रविवारी त्याचे पाच फोन आले. आवाज कसा वाढवायचा, उजेड कसा कमी करायचा, एका अनोळखी बाईने हवामान सांगायला सुरुवात केली तर तिला गप्प कसं करायचं. सोमवारी सकाळी नऊ वाजून पाच मिनिटांनी सहावा आला. निवेसने तो उचलला नाही. मागोमाग त्याच्या आवाजातला निरोप आला, एक मिनिट बावन्न सेकंदांचा. रात्री ऐकू, असं तिने ठरवलं. रात्री तिने सकाळवर ढकललं. मंगळवारी सकाळी एर्मानो बूट चढवता चढवता गेला.

तो निरोप तिने अजून उघडला नव्हता. आणि शुक्रवारी, पुरून आल्यावर, घरात जेवायला जमलेल्या लोकांत बसून ती त्या निरोपाला आणखीच भ्यायला लागली होती. कारण वाल्टर.

वाल्टर पोलीस ठाण्याचा प्रमुख होता, शाळेत तिच्या मागच्या बाकावर बसायचा. त्याने ताट हातात घेऊनच विषय काढला. "निवेस, वाईट वेळ आहे, पण तक्रार आलीय. सोमवारी सकाळी नऊला रीनोकाकाची ब्रीना जुन्या गिरणीखाली कोसळली. विष. कुत्री वाचली, पण गुन्हा तो गुन्हा."

"त्याचं बाबाशी काय?"

"रविवारी बारमध्ये तुझा बाप रीनोकाकाला म्हणाला, तुझी कुत्री माझ्या झाडांखाली दिसली तर तिचं नाक कामाचं राहणार नाही. बारा जणांनी ऐकलं. सोमवारी सकाळभर त्याची जीप अंगणात नव्हती."

"आणि तेव्हाच गिरणीपाशी मला त्याची टोपी दिसली," रीनो समोरून म्हणाला. तोंडात हॅम होतं. "देव त्याला शांती देवो. पण टोपी दिसली."

या खोऱ्यात चोराला लोक विसरतात, दारुड्याला सांभाळून घेतात. कुत्र्याला विष घालणाऱ्याच्या थडग्यापाशी मात्र कोणी पाऊलही थांबवत नाही. आणि बापाने ते केलं नसेलच, असं तिला छातीठोक सांगता येईना. केलं असेल तर ते त्याने कोणाला सांगितलं असतं? सोमवारी, नऊ वाजून पाच मिनिटांनी? तिचा हात झग्याच्या खिशावर गेला.

"त्याचा फोन बघितला की कळेल तो कुठं होता," वाल्टर म्हणाला. "पण न्यायाधीशांच्या कागदाशिवाय मी हात लावू शकत नाही. कागद चारपर्यंत येईल. तरी कुलूप आहेच, झाग्रेबच्या प्रयोगशाळेत पाठवला तर आठ महिने जातील. घरच्यांनी आपणहून उघडून दाखवला तर गोष्ट वेगळी. तुला आकडे माहीत आहेत?"

"नाही." हे खरं होतं.

"मला माहीत आहेत," फुमीआत्या म्हणाली. एर्मानोची ही थोरली बहीण ब्याऐंशी वर्षांची होती. "माझा भाऊ आहे. आण इकडे."

तिने भावाची जन्मतारीख दाबली. फोन थरथरला. मग वहिनीची. मग लग्नाची.

"लग्नाची तारीख त्याला कधी आठवलीय, आत्या?"

"म्हणून तर लिहून ठेवली असेल म्हटलं."

एव्हाना टेबलाभोवतीची माणसं जवळ सरकली होती. न्यायाची एवढी तळमळ त्या गावात पूर्वी दिसली नव्हती. जो तो मेलेल्याचं नाव स्वच्छ व्हावं म्हणून आकडे सुचवत होता, आणि जो तो चष्मा पुसून ठेवत होता, कारण झाडं आता फोनमध्ये कुलपात आहेत असं एर्मानोने रविवारी बारमध्ये मिरवलं होतं, आणि फोन उघडला की नकाशाही उघडणार. वाल्टरच्या घरीही ट्रफलचं कुत्रं होतं. तोही उगाच वाकून बघत होता.

रीनोने शिकारीच्या परवान्याचा आकडा टाकून पाहिला. पाचव्यांदा जीपचा नंबर चुकला, तेव्हा फोनने मिनिटभर थांबायला सांगितलं. सहाव्यानंतर पाच मिनिटं. सातव्यानंतर पंधरा. फोन थांबा म्हणाला की मंडळी जेवत. पंधरा मिनिटांत अर्धं हॅम आणि ट्रफल घातलेलं सगळं ऑम्लेट संपलं. आठव्यानंतर फोन एक तास थांबा म्हणाला. अशा वेळी उठून जाणं बरं दिसलं नसतं, म्हणून वाइनचा दुसरा बुधला आला.

निवेस मोजत होती. दहाचा नियम त्या खोलीत तिला एकटीलाच ठाऊक होता. फोन उघडला तर त्यात वरच बापाचे कॉल दिसतील, सगळे तिच्याच नावाचे, शेवटचा न उचललेला. दहा झाले की ती सुटेल. दर चुकीला तिला जरा हायसं वाटे. त्या हायसं वाटण्याचीही तिला भीती वाटत होती.

नववा वाया गेला. वाल्टर कागद आणायला ठाण्यावर गेला. तो निघून तास झाला तेव्हा फुमीआत्याने डोळे मिटले, मनाशी प्रार्थना केली आणि आपलीच जन्मतारीख दाबली.

पडदा काळा झाला. बराच वेळ काळाच राहिला. मग पांढरा शुभ्र झाला आणि वर एक शब्द आला.

"उघडला," फुमीआत्या म्हणाली. तिचे डोळे भरून आले. "नमस्कार म्हणतोय बघ. माझीच तारीख ठेवली होती रे त्याने."

माणसं फोनवर ओणवी झाली. फोनने पुन्हा नमस्कार केला, इटालियनमध्ये. मग जर्मनमध्ये. मग कोणालाच न कळणाऱ्या भाषेत.

"नकाशा कुठाय?" रीनोने विचारलं.

दारात वाल्टर उभा होता, हातात शिक्क्याचा कागद. त्याने फोन घेतला, उलटसुलट केला आणि खाली ठेवला. "पुसला गेलाय. कारखान्यातून येतो तसा कोरा. यात आता एर्मानोही नाही आणि सोमवारही नाही."

"म्हणजे झाडं गेली?" कोणीतरी म्हणालं, आणि लगेच खोकलं.

"पुसून जायची सोय करून ठेवली होती," रीनो सावकाश म्हणाला. "म्हणजे लपवण्यासारखं काही होतं."

एकाने अर्धा भरलेला पेला परत टेबलावर ठेवला. दुसरा कोट शोधायला लागला. निवेसला कळलं की रात्रीच्या आत ही गोष्ट खोऱ्यातल्या प्रत्येक स्वयंपाकघरात पोचलेली असेल.

"वाल्टर," ती म्हणाली. "माझ्या फोनमध्ये त्याचा निरोप आहे. सोमवारचा. नऊ वाजून पाच."

सगळे थांबले.

"काय म्हणतोय?"

"माहीत नाही."

"चार दिवस तुझ्या खिशात आहे, आणि माहीत नाही?"

"नाही."

"आधी तू एकटी ऐक," वाल्टर हळू आवाजात म्हणाला. "त्यात भलतंच काही असलं तर मला ते लिहावं लागेल."

एकटीने ऐकलं तर आपण तो कोणालाही ऐकवणार नाही, हे तिला माहीत होतं. तिने आवाज पूर्ण वाढवला आणि फोन ताटांच्या मधोमध ठेवला.

आधी घसा खाकरण्याचा आवाज आला. "निवेस. मी बोलतोय. बाबा. हे एकदा दाबायचं ना? दाबलंय. मी रियेकाला आलोय, वरच्या दवाखान्यात. काही नाही, छातीचा फोटो काढायचाय. फुमीला सांगू नकोस, ती मेणबत्त्या लावत बसेल. साडेदहाला सुटेन. तुझं वाचनालय इथून खालीच आहे म्हणतात. कॉफी घेऊ म्हटलं. कामात असशील तर राहू दे." मागून बाईची हाक आली: एर्मानो ब्रायको, आत या. "आलो, आलो. आता हे बंद कसं..."

त्याला ते बंद करता आलं नाही. पुढचं मिनिटभर खिशाची खसखस, पावलं, एक दार. खोलीतल्या सगळ्यांनी ते शेवटपर्यंत ऐकलं.

"नऊला रियेकात," वाल्टर म्हणाला. "सत्तर किलोमीटर. रीनोकाका, टोपी कोणाची होती?"

रीनोने सुरी उचलून उगाच हॅम कापायला घेतलं. त्याच्या शेजारून त्याची बायको मारीचा म्हणाली, "मी कोबीवर गोगलगाई मारायचे ते विषारी निळे दाणे टाकले होते. रविवारी."

"मग बोलली का नाहीस?"

"तू विचारलंस कुठं? तू तर आल्या आल्या ठाण्यावर गेलास."

कोणीतरी हसलं, आणि मग बरेच जण हसले. पेला ठेवणाऱ्याने पेला परत उचलला. फुमीआत्या मात्र खरंच मेणबत्ती शोधायला उठली.

वाल्टरने वही काढली. "एवढंच लिहितो, की निरोप आज ऐकवला. आधी का ऐकला नव्हता ते लागत नाही."

"लिही," निवेस म्हणाली. "फोन वाजला तेव्हा माझ्या हातातच होता. नाव दिसत होतं. मला वाटलं, पुन्हा आवाज कसा वाढवायचा ते विचारेल. वाजायचा थांबेपर्यंत मी त्याच्याकडे बघत राहिले. आणि दहा चुकांचं मला ठाऊक होतं. मी मोजत होते."

वाल्टरचं पेन थांबलं होतं. त्याने काहीच लिहिलं नव्हतं. तिच्या फोनचा पडदा विझत आला होता, तिने बोट लावून तो जागा ठेवला.

"मी मोकळी होते, बाबा," ती म्हणाली. "त्या सकाळी मला काहीच काम नव्हतं."