बिनविरोध मॅजिस्ट्रेट

साउथहॅम्प्टनच्या कोर्टात मॅजिस्ट्रेटच्या खुर्चीवर मी बसणार, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती! भुरट्या चोऱ्या, दारू पिऊन केलेल्या मारामाऱ्या, बेफाम गाड्या, असले खटले इथे साध्यासुध्या नागरिकांकडे सोपवतात. आणि मी तर साधीसुधीही नाही. आयुष्यभर हॉस्पिटलात लोकांना भूल दिली. आता रिटायर झाल्यावर त्यांना शुद्धीवर आणायचं, एवढंच!

मी ऑनलाइन अर्ज केला आणि आमच्या ह्यांच्या अंगात आलं. इंद्रजितरावांनी तरुणपणी मामांना जिल्हा परिषदेवर निवडून आणलं होतं. तो गुलाल अजून उतरलेला नाही.

"अर्ज भरलास ना, श्यामला? चल, प्रचाराला लागू!"

"अहो, इंटरव्ह्यू आहे."

"ती छाननी गं!"

आमच्या मृणालनं ब्रॅकनेलहून फोनवर ओरडून सांगितलं, "आई, मॅजिस्ट्रेटचं इलेक्शन नसतं! दे जस्ट अपॉइंट यू!"

"तिला राजकारण काय कळतंय!" हे म्हणाले. मला ते लगेच पटलं. खरं सांगू? लोकांनी मला निवडून द्यावं, असं मला फार फार वाटत होतं.

शनिवारी मी पैठणी नेसले, पायात ट्रेनर्स घातले. ह्यांच्या हातात बेसनाच्या लाडवांचे डबे. पहिलं दार ग्रॅहमचं. त्याच्यावर गाडी जोरात हाकल्याची केस होती.

"कॅमेराच खोटा आहे!" तो म्हणाला.

"माझ्या कोर्टात ये, सोडून देईन!"

शेजारच्या टीनाचं मांजर त्याच गाडीखाली येता येता वाचलं होतं.

"त्याचं लायसन्सच काढून घेईन!" मी तिला वचन दिलं.

शेवटचं दार मिसेस पेनफोल्ड यांचं. चष्म्यावरून बघत त्यांनी विचारलं, "तुम्ही सगळ्यांनाच अशी आश्वासनं देता?"

"सगळ्यांना! भेदभाव माझ्या स्वभावातच नाही!" मी त्यांच्या हातात डबा कोंबला.

इंटरव्ह्यूला गेले, तर समोर मधल्या खुर्चीत मिसेस पेनफोल्ड! टेबलावर आमचा डबा!

"या बाईंना मी ओळखते. हा डबाही त्यांचाच," असं म्हणून त्या डब्यासकट बाहेर गेल्या. उरलेल्या दोघांनी विचारलं, "शेजाऱ्यानं खटल्यात मदत मागितली, तर काय कराल?"

खोटं बोलून न्यायाधीश कसं व्हायचं? "त्यांना मागावी लागलीच नाही," मी म्हणाले. "मीच घरोघर जाऊन दिली."

ते दोघं बराच वेळ काहीतरी लिहीत होते.

नकार आला. फार लागलं मला. पण संध्याकाळी ग्रॅहम आणि टीना एकत्र फुलं घेऊन आले. "आमचं मत तुम्हालाच होतं!" म्हणजे बघा, दोन्ही पक्षकार माझ्याच बाजूचे! जी निवडणूक झालीच नाही, ती मी बिनविरोध जिंकले होते. ऊर असा भरून आला!

त्यांच्यामागोमाग मिसेस पेनफोल्ड डबा परत करायला आल्या.

"भेटवस्तू घेता येत नाहीत आम्हाला. लाडू जसेच्या तसे आहेत."

दार लावून मी डबा उघडला. दोन लाडू कमी होते! आणि डब्याच्या कडेला मिसेस पेनफोल्ड यांच्या ओठांवरच्या लिपस्टिकचं बोट उमटलेलं होतं.

"तक्रार करायची?" ह्यांनी बाह्या सरसावल्या.

मी एक लाडू तोंडात टाकला, उरलेला पुरावा ह्यांच्यापुढे सरकवला आणि निकाल दिला. माझ्या कारकिर्दीतला पहिला आणि शेवटचा: निर्दोष मुक्तता!