दाव्यासकट

जोगळेकर सरांना घेऊन बाजारात जाऊ नये. मी जातो, कारण मी त्यांचा शेजारी आणि स्कूटर माझ्याकडे आहे.

रत्नागिरीत कुठल्याही दुकानावर 'सेल' असा तांबडा फलक दिसला, की मागे बसलेले सर माझ्या पाठीत बोट खुपसतात. "थांबव!" मग हे सत्तरी उलटलेले, इंग्रजीचे निवृत्त मास्तर छत्री उगारून आत शिरतात आणि मी तोंड लपवायला जागा शोधतो.

"सेल म्हणजे काय हो?"

"स्वस्त, सर."

"स्वस्त? मुळात जा! जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ 'देणे'. त्याच्याही मागे गेलात तर देवाला अर्पण करणे! पैसे मागाहून घुसले त्यात. आणि तुम्ही काय देता? एका धुण्यात विटणारे सदरे!"

दुकानदार बिचारा चहा मागवतो. सर चहा पितात, सदरा घेत नाहीत, आणि "चल, धारेची वेळ झाली" म्हणून घरच्या गाईसाठी उठतात.

मिरकरवाड्याला मी बांगडे घेत होतो तेव्हा कोळणीलाही त्यांनी मुळात पाठवलं. ती कसली जातेय! "विकणं म्हंजे देणं काय? मग तुमची गाय द्या बघू आधी!"

सर वाद अर्धा टाकून स्कूटरकडे वळले. असं मी पहिल्यांदाच पाहिलं.

त्या गाईचं नाव तांबू. सरांच्या बायकोनं, आमच्या काकूंनी, वासरापासून वाढवलेली. काकू गेल्यावर त्या घरात सर आणि तांबू एवढेच उरले. सर तिला शब्दांची मुळं सांगत, ती रवंथ करी. पण सरांचे गुडघे साथ देईनात. सर गोठ्यात दोनदा पडले, आणि मुंबईच्या मुलीनं बजावलं, "बाबा, गाय विका, नाहीतर मी तुम्हाला इकडे घेऊन येते." मला भयंकर राग आला. पण मुलीचं चुकत नव्हतं, मग रागवायचं तरी कुणावर?

गाय विकत घेतलेले मालगुंडचे गणूभाऊ टेम्पो घेऊन आले. सोबत नवं दावं आणलेलं. जनावर विकलं तरी दावं द्यायचं नाही, दाव्याबरोबर गोठ्याची लक्ष्मी जाते, अशी आमच्याकडची रीत.

"सर, जुनं दावं ठेवा हो तुमच्याकडं. देत नायत."

"ठेवून बांधू कुणाला?" सर खेकसले. "न्या! दिली म्हणजे दाव्यासकट दिली. नव्या गोठ्यात बावरेल ती. ओळखीचा वास हवा जवळ."

गणूभाऊंनी मान खाली घालून जुनं दावंच हातात घेतलं.

दुसऱ्या दिवशी बाजारात नवाकोरा 'सेल'चा फलक दिसला. पाठीत बोट आलं नाही. मीच स्कूटर थांबवली.

"कशाला थांबलास?" सर म्हणाले. "चल, धारेची वेळ..."

मी स्कूटर अगदी सावकाश चालवत घरी नेली.