गंगीचा प्रोजेक्ट

"पुस्तकातला नको, लोकांच्या घरातला खरा प्रॉब्लेम शोधा आणि सोडवा," असं कॉलेजातल्या सरांनी फर्मावलं. मग काय, इंजिनिअरिंगची संयोगिता आणि धैर्यशील थेट कृष्णातमामांच्या दूध कट्ट्यावर धडकले. तिथं गिऱ्हाइकासमोर म्हशीची धार काढून फेसाळ ग्लास हातात देतात. हल्ली मात्र गिऱ्हाईक रिकामा ग्लास धरून ताटकळायचं, कारण गंगी म्हैस पान्हाच सोडत नव्हती.

"असंच चाललं तर इकावी लागंल," मामा म्हणाले. "रेडकापासनं वाडवलीया हो तिला."

सरांची पद्धत सोपी होती. उत्तरं संपेपर्यंत 'का?' विचारत जायचं. माणसापुढं कुठं थांबायचं, ते मेलं कुणी शिकवलंच नव्हतं.

"गंगी पान्हा का सोडत नाही?" धैर्यशीलनं सुरुवात केली.

"हाक वळखीची न्हाय."

"का?"

"हाक मारायची ती विठाबाई. माझी मालकीण. पाडव्याला गेली की."

"का गेली?" त्याच्या तोंडून सुटलंच. संयोगितानं त्याला कचकन चिमटा काढला.

मामा गंगीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. "म्या बी त्येच इचारतोय," ते म्हणाले.

पोरांनी पंखा लावला, तर गंगीनं बादली लाथाडली. सनई लावली, तर ती निवांत मुतली. शेवटी मामांनी फोन काढून दिला. विठाबाईनं गोठ्यातून धाडलेला आवाजी निरोप त्यात होता. मामांना तो ऐकायचा धीर होत नव्हता आणि पुसवतही नव्हता.

परीक्षेला सर कट्ट्यावर आले. धैर्यशीलनं स्पीकरचं बटण दाबलं.

"ये गं गंगे, सोड माझी बाई, पान्हा!"

गंगीनं कान टवकारले. सड भरून आले. सरांनी टाळ्या वाजवल्या. पण निरोप पुढं चालूच होता, तो कापायचं कुणालाच सुचलं नव्हतं.

"आनि तुमी कुठं उलथलायसा? च्या गार हुतोय. या लवकर!"

"आलो, आलो!" मामा बादली टाकून अनवाणीच घराकडं निघाले. चार पावलं गेले आणि थांबले. गंगीच्या सडांतून दूध खाली ठिबकत होतं. संयोगिताच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

मामा परत येऊन बसले. "आता गंगी इकत न्हाय," म्हणाले.

"मामा, तेवढं पुढचं काढून टाकू?" धैर्यशीलनं हळूच विचारलं.

"ऱ्हाऊ दे की. मला तरी दुसरं कोन हाक मारतंय आता?"

प्रोजेक्टला पहिला नंबर मिळाला. गिऱ्हाईक मात्र अजून ग्लास धरून ताटकळतंय. गंगी केव्हाच पान्हा सोडून उभी असते. मामांचं ऐकून व्हायचं असतं.