चादरीची डावी बाजू

गड्डम सर मला पहिल्यांदा दिसले ते पालथे पडलेले. वळसंगच्या पुढं, उघड्या माळावर, भर दुपारी. खाली निळ्या चौकड्यांची सोलापुरी चादर, दोन्ही हात पसरलेले आणि नाक गवतात खुपसलेलं. मी जीप तशीच सोडून पळत सुटलो. जवळच शेळ्या राखणाऱ्या एक बाई बसल्या होत्या, त्या मात्र जागच्या हलल्या नाहीत. मी धापा टाकत पोचल्यावर शांतपणे म्हणाल्या, ‘‘मेलं न्हाय ते. मास्तर गवत बघत्यात.’’

तेवढ्यात गवतातून आवाज आला, ‘‘सावली पडतीय हो तुमची. जरा सरका की.’’

मी सरकलो. आमची ओळख झाली ती अशी.

त्या माळावर सौरऊर्जेचा प्रकल्प यायचा होता. पॅनल बसवायच्या आधी तिथं कोणती झाडं आहेत, कोणतं गवत आहे, कोणते पशुपक्षी राहतात याची पाहणी करून अहवाल द्यायचं काम आमच्या छोट्याशा संस्थेकडं आलं होतं. पशुपक्षी माझी सहकारी रेश्मा हिनं बघायचे आणि वनस्पती गड्डम सरांनी. जीप चालवणं, सर सांगतील ते लिहून घेणं, डबे आणणं आणि गावकऱ्यांशी गोड बोलणं ही उरलेली कामं माझी. सरांनी सोलापूरच्या एका कॉलेजात जन्मभर वनस्पतिशास्त्र शिकवलं होतं. निवृत्त झाल्यावर लोक सकाळी बागेत फिरायला जातात, सर माळावर पडायला यायचे.

पहिल्या बैठकीत कंपनीच्या इंजिनिअरनं मोठा नकाशा पसरून बराच वेळ माहिती दिली. शेवटी ‘काही शंका?’ असं विचारलं. सरांनी विद्यार्थ्यासारखा हात वर केला.

‘‘हे पॅनल आवाज करतात का हो?’’

‘‘नाही सर. अजिबात नाही.’’

‘‘वाऱ्यानं वगैरे?’’

‘‘नाही सर.’’

‘‘मग ठीक आहे,’’ असं म्हणून सरांनी नकाशाकडं पाठ फिरवली आणि चहा मागितला. जीपमध्ये बसेपर्यंत रेश्मा हसत होती.

कामाची पद्धत साधी होती. एक मीटरची लोखंडी चौकट जमिनीवर टाकायची आणि तिच्या आत जे उगवलंय ते सगळं लिहायचं. बाकीची दुनिया हे काम उकिडवं बसून करते. सर चादर अंथरायचे आणि आडवे व्हायचे. ‘‘वरनं बघितलं की सगळं नुसतं हिरवं दिसतं,’’ ते म्हणायचे. ‘‘गवताच्या उंचीला या की जरा.’’ मी एकदा गेलो त्या उंचीला. शर्टात इतकी कुसळं शिरली की संध्याकाळपर्यंत अंग खाजवत होतो.

त्या चादरीची गंमत म्हणजे ती चांगली डबल होती, दोन माणसं ऐसपैस झोपतील अशी. पण सर कायम उजव्या कडेला. डावी बाजू मोकळी. मी एकदा सहज तिथं डबा ठेवायला गेलो, तर सर गवतातून तोंड न काढता म्हणाले, ‘‘तिकडं नको.’’ रेश्मानं आपली बॅग ठेवून बघितली. ‘‘तिकडं नको.’’ ती बाजू सापांसाठी राखीव असावी, असा रेश्माचा तर्क होता. संध्याकाळी मात्र त्या डाव्या बाजूला अडकलेलं एकेक कुसळ सर बोटांनी वेचून काढत बसायचे.

दुसरी गंमत माझ्या चांगलीच जिव्हारी लागली होती. सर गवतांची नावं सांगायचे आणि मी लिहायचो. ‘‘पवन्या,’’ सर म्हणायचे. मी ‘पवन्या’ लिहायचो. मग जरा थांबून, आवाज चढवून, ‘‘पवन्या म्हटलं.’’

‘‘लिहिलं सर.’’

‘‘बरं. मारवेल.’’ पुन्हा थोडी शांतता. ‘‘मारवेल म्हटलं.’’

दिवसभर हे असं चालायचं. म्हणजे मी बहिरा आहे असं सरांचं मत झालेलं. मी मोठ्यानं ‘हो सर’ म्हणून बघितलं, मान हलवून बघितली, लिहिलेलं त्यांच्या नाकासमोर धरून बघितलं. काही उपयोग झाला नाही. रेश्मानंही मग माझ्याशी ओरडून बोलायला सुरुवात केली. शेवटी घरी वैरागला गेलो तेव्हा आईला विचारलं, ‘‘मला कमी ऐकू येतं का गं?’’ आई म्हणाली, ‘‘ऐकू येतं चांगलं. ऐकत नाहीस.’’

गावकऱ्यांची तर वेगळीच तऱ्हा. माळढोक या दुर्मीळ पक्ष्याचा नुसता संशय आला तरी जमिनीचे व्यवहार अडकतात, अशी धास्ती आमच्या भागात सगळ्यांनाच. त्या माळाचा मोठा तुकडा बाबूराव नावाच्या शेतकऱ्याचा होता आणि त्यांना तो कंपनीला द्यायचा होता. ते आम्हाला भेटायला आले ते पांढरीशुभ्र टोपी घालून.

‘‘पाखरू म्हनाल तर हितं एकबी न्हाय, मास्तर. आमी सोता बघितलंय.’’

नेमकी त्याच वेळी डोक्यावर टिटवी ओरडत घिरट्या घालायला लागली. ती थांबेना. बाबूराव मान वर न करता बोलत राहिले.

‘‘मग ही कोण?’’ सरांनी अगदी गंभीरपणे विचारलं.

बाबूरावांनी नाइलाजानं वर बघितलं. ‘‘ही व्हय? ही हितली न्हाय. अक्कलकोटाकडनं आलीया.’’

‘‘कशाला?’’

‘‘आता त्ये तिलाच ठावं की.’’

सरांनी मला सांगितलं, ‘‘टिटवी लिहा. पाहुणी.’’ बाबूराव खूश झाले. जाताना आम्हाला शेंगा देऊन गेले.

रेश्माचा जीव मात्र त्या माळात अडकत चालला होता. एकदा एकट्या उभ्या असलेल्या हिवराच्या झाडाखाली आम्ही डबे उघडले होते. सर जेवायला रोज तिथंच येत, काम माळाच्या कुठल्याही टोकाला असलं तरी. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी समोर होती. रेश्मा म्हणाली, ‘‘सर, लांबून माळढोकासारखं काहीतरी दिसलं, एवढंच लिहिलं तर? खोटं नाही. नुसतं ‘सारखं’. सगळा माळ वाचेल.’’

सर भाकरी मोडत होते ते थांबले. ‘‘दिसलं?’’

‘‘नाही.’’

‘‘मग नाही.’’ आणि जरा वेळानं, मोठ्यानं, ‘‘नाही म्हटलं.’’

रेश्मानं भाकरीचा तुकडा मोडला. सरच पुढं म्हणाले, ‘‘अहो, उद्या खरा माळढोक येऊन उभा राहिला तर आपलं कोण ऐकणार?’’

पण जिथं खरोखर काही होतं तिथं सर हटायचे नाहीत. माळाच्या कडेला ओढा होता आणि ओढ्याकाठी रेश्माला खोकडाची, म्हणजे छोट्या कोल्ह्याची, बिळं सापडली, पिल्लांसकट. ती पट्टी सोडायला कंपनी तयार नव्हती. आयुष्यभर शिपायालाही अहोजाहो करणारे गड्डम सर त्या दिवशी फोनवर इंजिनिअरशी इतके भांडले की जवळ बसलेल्या शेळ्या उठून लांब गेल्या. पट्टी सुटली. आज त्या रस्त्यानं गेलात तर माळभर काळे पॅनल दिसतील, पण ओढ्याकाठी गवत अजून हलताना दिसेल. मी मुद्दाम तिथं जीप हळू करतो. ते दिवस मला फार आठवतात. तसं काम पुढं खूप केलं, पण तशी दुपार पुन्हा मिळाली नाही.

पाहणीचा शेवटचा दिवस होता. रेश्मा ओढ्याकडं गेली होती आणि सर हिवराखालच्या चौकटीपाशी पडले होते. ती तेवढी शेवटची राहिली होती. मी सामान आवरत होतो. पहिल्या दिवशी भेटलेल्या शेळ्यांवाल्या चंद्राबाई काठी टेकत जवळ आल्या.

‘‘आता मास्तर कुटं जानार?’’

‘‘कुठं म्हणजे? घरी.’’

‘‘तसं न्हवं. लई वर्सं येत्यात की हितं, ह्या झाडाखाली. आदी दोगं नवराबायकू यायची. बाई मागाच्या घरातल्या हुत्या. लहानपनापास्नं मागाच्या खडखडाटात ऱ्हाऊन कान गेल्यालं. मास्तर गवताचं नाव सांगायचं, बाई इचारायच्या, ‘काय म्हनला?’ की मास्तर परत सांगायचं. घरात तेलुगू बोलायची, पन माज्याम्होरं मराठीतच, मला कळावं म्हनून.’’ त्या जरा हसल्या. ‘‘बाई म्हनायच्या, चंद्राबाई, हितं आलं की कानातला माग बंद पडतुय.’’

‘‘आणि आता?’’

‘‘गेल्या की. ती चादर बी त्यांच्या म्हायेरच्या मागावरची.’’

शेळ्या पुढं गेल्या होत्या, चंद्राबाई त्यांच्यामागं गेल्या. मी वही घेऊन सरांकडं आलो. मला रडू येत होतं आणि सर निवांत पालथे पडले होते.

‘‘सर,’’ मी म्हणालो, ‘‘हा तुकडाही मागू या का? ओढ्यासारखा?’’

‘‘कशासाठी? इथं पवन्या, मारवेल, कुसळी. सगळ्या माळावर आहे ते इथं आहे. वेगळं काही नाही.’’

‘‘पण चंद्राबाई सांगत होत्या...’’

सर पहिल्यांदाच गवतातून तोंड काढून माझ्याकडं बघायला लागले. चष्म्याला माती लागली होती. ‘‘अहो, त्यासाठी मागायला लागलो तर खोकडांसाठी मागितलेलंही खोटं वाटेल त्यांना. आणि प्रत्येकाची अशी एकेक जागा सोडली तर बिचाऱ्यांनी पॅनल लावायचे कुठं?’’ मग पुन्हा गवताकडं वळून म्हणाले, ‘‘आवाज करत नाहीत म्हणाला ना तो? तेवढं बरं आहे.’’

मी तसाच उभा. वारा सुटला होता. सरांनी डाव्या बाजूची सुरकुती हातानं सारखी केली आणि म्हणाले, ‘‘उभे काय राहिलात? या की इकडं.’’

मी चपला काढल्या आणि डाव्या बाजूला पालथा पडलो. वही समोर ठेवली. गवताच्या उंचीवरून माळ केवढा तरी मोठा दिसत होता, आणि कुठं काही वाजत नव्हतं.

‘‘कुसळी,’’ सर म्हणाले.

मला अगदी स्वच्छ ऐकू आलं.

‘‘काय म्हणालात?’’ मी विचारलं.

सरांची बोटं गवताच्या काडीवर थांबली. मग जरा मोठ्यानं म्हणाले, ‘‘कुसळी म्हटलं.’’

त्या दुपारी मी एकही नाव पहिल्या वेळी ऐकलं नाही.