चार वॉलेट आणि एक घोडा

आमच्या घरात कॉम्प्युटरमधलं माझ्याइतकं कुणालाच कळत नाही, असं सगळे म्हणतात. निदान मी तसं म्हणतो तेव्हा कुणी विरोध करत नाही. त्यामुळे बायकोने लाकडी घोडे विकायचं ठरवलं, तेव्हा वेबसाइट कोण करणार हा प्रश्नच उद्भवला नाही. मी बाह्या सरसावल्या आणि जाहीर केलं, "आठवड्यात दुकान उभं करतो." आणि केलं! सात आठवडे लागले, पण केलं.

घोडे म्हणजे लहान मुलं वर बसून डुलतात ते. बायको आधी एका फर्निचरच्या शोरूममध्ये नोकरीला होती. ती सोडून तिने आमच्या मागच्या खोलीत रंधा, सरस आणि भुशाचा संसार मांडला. तिचे साहेब भले गृहस्थ. म्हणाले, "वर्षभर तुझी जागा रिकामी ठेवतो. जमलं तर आनंद आहे, नाहीतर परत ये." ते वर्ष ज्या शुक्रवारी संपलं, त्या शुक्रवारची ही गोष्ट. संध्याकाळी पाचला तिने साहेबांना फोन करून काय ते सांगायचं होतं. वर्षभरात छोटे घोडे ओळखीपाळखीत गेले होते. मोठा घोडा मात्र खोलीच्या कोपऱ्यात तसाच उभा होता. त्याच्यावर तिने तीन महिने घालवले होते. त्याची मान अशी उतरली होती, की पॉलिशचा बोळा घेऊन जवळ गेलं की तो आता शिंकेल असं वाटायचं. हे मी नवरा म्हणून सांगत नाही. नवरा म्हणून मी त्याला दोनदा ठेचकाळलो आहे.

त्या दिवशी जेवायला बसतोय तोच परदेशातून निरोप आला. जहाजावरून निवृत्त झालेल्या एका कप्तानाला नातीसाठी मोठा घोडा हवा होता. त्याची सगळी देवघेव क्रिप्टो करन्सीत चाले आणि आमच्या साइटवर ती सोय होती. अर्थात मीच केलेली. पण कप्तानाने लिहिलं होतं, 'घोडा फार आवडला. मात्र "वॉलेट जोडा" हे बटण दाबलं की नुसतं चाक फिरत राहतं. तुमच्या घड्याळात चार वाजेपर्यंत वाट पाहतो. नाहीतर दुसरीकडून घेईन.'

बायकोने घास तसाच ताटात ठेवला.

"होईल ना रे?" तिने विचारलं.

"दहा मिनिटांचं काम," मी म्हणालो.

आता वाचकहो, एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. क्रिप्टोचं वॉलेट म्हणजे कॉम्प्युटरमधलं पाकीट. गिऱ्हाइकाचं पाकीट आपल्या दुकानाला जोडायला साइटवर एक प्लगइन बसवावं लागतं. एक. मी चार बसवली होती. माझा स्वभावच तसा आहे. माझ्याकडे तीन छत्र्या आहेत, उशाशी दोन गजराची घड्याळं आहेत, आणि आमच्या दाराला इतकी कुलुपं आहेत की गावाला जायचं तर गाडीच्या वेळेआधी अर्धा तास कुलुपांचा धरावा लागतो. एक प्लगइन बंद पडलं तर दुसरं हाताशी असावं, एवढाच साधा विचार. तो कुणाला बोलून दाखवण्याइतका विशेष वाटला नव्हता.

मी चारही प्लगइन अपडेट केली. बटण गायब झालं. मग मला एक पाचवं प्लगइन सापडलं, जे म्हणे बाकीच्या चौघांना शिस्तीत ठेवतं. ते बसवलं. आता बटणं पाच झाली, पण घोड्याचा फोटो गेला. पाचवं काढायला गेलो तर सगळी साइटच पांढरीशुभ्र पडली. नुकतीच चुना लावलेली भिंतच जशी.

बायको हातात ब्रश घेऊन दारात आली.

"घोडा कुठाय?"

"येतोय."

"कुठून येतोय?"

घड्याळात पावणेतीन झाले होते. मी घाईघाईने मदत शोधली आणि एक 'साहाय्यक' लगेच हजर झाला. इतकं गोड बोलणारा माणूस मी आयुष्यात पाहिला नव्हता. त्याने सांगितलं, की दोष लगेच निघेल, फक्त तुमच्या वॉलेटचे बारा गुप्त शब्द लिहून पाठवा. मी ते शब्द लिहून ठेवलेला कागद शोधून काढला आणि पहिला शब्द टाइप केला.

"जावईबापू, जरा थांबता का?"

या मावशी. माझ्या बायकोच्या मावशी, निवृत्त झाल्यापासून आमच्याकडेच असतात. एकतीस वर्षं त्या टेलिफोन ऑफिसात तक्रारींच्या खोलीत होत्या. स्वतः अजून बटणांचाच फोन वापरतात. आणि जावयाला दुखवायचं नाही, हे त्यांनी जन्मभराचं व्रत घेतल्यासारखं पाळलं आहे. मागे मी भिंतीत ड्रिलने भोक पाडताना पाण्याचा पाइप फोडला आणि स्वयंपाकघरात घोट्याएवढं पाणी झालं, तेव्हासुद्धा त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "पाइप जुनाच होता." पुढे प्लंबर आला तेव्हा मी नेमका त्यांच्यासाठी दोऱ्याचं रीळ आणायला बाहेर गेलो होतो, नाहीतर त्यालाही दोन गोष्टी शिकवल्या असत्या.

"हा कोण?" मावशींनी पडद्याकडे बोट दाखवलं.

"मदत करणारा आहे. गुप्त शब्द मागतोय."

"आमच्याकडे इतक्या तक्रारी आल्या," मावशी शांतपणे म्हणाल्या, "पण लाइन दुरुस्त करायला आम्ही कुणाच्या कपाटाची किल्ली नाही मागितली. त्याला नमस्कार सांगा आणि बंद करा."

मी बंद केला. माझे कान गरम झाले होते. छोट्या घोड्यांचे पैसेही मीच हौसेने त्या वॉलेटात ठेवले होते. म्हणजे त्या बारा शब्दांवर बायकोची वर्षाची पुंजी होती आणि मी ती एका अनोळखी माणसाला ताटात वाढून द्यायला निघालो होतो. हे मावशी बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त खुर्ची ओढली, चष्मा लावला आणि आपलं जुनं रजिस्टर उघडलं. त्यात तीन रकाने असतात: तक्रार, कारण, उपाय.

"मला यातलं काही कळत नाही," त्या म्हणाल्या. "पण दोष शोधायची रीत एकच. आधी सगळं काढायचं. मग एकेक लावायचं. प्रत्येक वेळी तपासायचं. आणि मध्ये कुणी हात लावायचा नाही."

मी पाचही प्लगइन बंद केली. पांढरी भिंत गेली आणि घोडा परत आला! बायकोला त्यांनी मागच्या खोलीत फोन घेऊन बसवलं, गिऱ्हाईक म्हणून.

"पहिलं लावा. झालं? दाब गं बटण!"

"चाललं!" आतून आवाज आला.

मावशींनी रजिस्टरात बरोबरची खूण केली. मी मनात म्हटलं, चाललं हे छानच, पण एकाच प्लगइनच्या भरवशावर कप्तानाला बोलवायचं? त्या लिहीत होत्या तेवढ्यात मी हळूच दुसरं चालू करून ठेवलं. आपलं असावं म्हणून.

"मावशी, बंद पडलं! चाक फिरतंय!"

मावशींनी पडद्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग परत पडद्याकडे.

"सगळं काढा. परत पहिलं लावा."

"चाललं!"

यावेळी मी दुसरं लावलं नाही. तिसरं लावलं.

"बंद पडलं गं मावशी!" बायकोचा आवाज रडकुंडीला आला होता. "साडेतीन वाजले!"

मावशींनी पेनाला टोपण लावलं. एकतीस वर्षं त्यांनी लोकांच्या तक्रारी ऐकल्या होत्या, आवाज एका सुरानेही न चढवता. तसाच आवाज लावून त्या म्हणाल्या, "जावईबापू, बसून बसून अवघडला असाल. जरा पाय मोकळे करून येता का? येताना मला पांढऱ्या दोऱ्याचं एक रीळ आणा."

"आत्ता?"

"फार नड आहे हो."

आता म्हाताऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं? मी निघालो. मनात धाकधूक होतीच. माझ्या गैरहजेरीत या दोघींचं कसं होणार? कोपऱ्यावरच्या दुकानात पांढरा दोरा संपला होता, म्हणून पार चौकापलीकडे गेलो. तिथे होता. मी दोन रिळं घेतली. परत येऊन चार कुलुपांपैकी तिसऱ्याला किल्ली लावतोय, तेवढ्यात आतून बायकोचं हसणं ऐकू आलं.

ती भुशात फतकल मारून बसली होती. डोळे पुसत होती आणि हसत होती. हातात फोन. मी गेल्यावर दोघींनी एकटं पहिलं प्लगइन ठेवून कप्तानाला कळवलं होतं. चाराला बारा मिनिटं कमी असताना त्याने बटण दाबलं होतं आणि घोडा विकला गेला होता. कप्तानाने पुढे लिहिलं होतं, की दुसऱ्या नातीसाठी असाच आणखी एक हवा, सावकाश करा.

पाच वाजता तिने साहेबांना फोन केला. "माझी जागा आता कुणालातरी द्या," असं ती म्हणाली. वर्षभर त्या खोलीत एकटीने खपणारी ही बाई, आणि तासाभरात आपल्याला न कळणाऱ्या यंत्राचा दोष हुडकणाऱ्या तिच्या मावशी! मी मनातल्या मनात दोघींना हात जोडले. उघड जोडले असते, पण गडबडीत रिळं अजून हातातच होती.

"मावशी, दोन आणली. एक संपलं तर असावं."

"छान केलंत," मावशी म्हणाल्या आणि त्यांनी शिवणाचा डबा उघडला.

डबा पांढऱ्या रिळांनी गच्च भरला होता. एकाचंही वेष्टन फाडलेलं नव्हतं. त्यातली काही मी ओळखली. एक पाइपच्या वेळचं होतं. एक मिक्सरच्या. ते खालचं, थोडं पिवळं पडलेलं, मी दाराची घंटा दुरुस्त करत होतो तेव्हाचं.

मी रजिस्टर जवळ ओढलं. तक्रारीच्या रकान्यात लिहिलं होतं, 'बटण चालत नाही.' कारणाच्या रकान्यात, 'पाकिटं जास्त.' माझा कुठे उल्लेखसुद्धा नव्हता. व्रत ते व्रत! उपायाच्या रकान्यात मात्र मावशींच्या टपोऱ्या अक्षरात एवढंच होतं, 'दोऱ्याचं रीळ.'

परवा वॉशिंग मशीन बंद पडलं. मी पाने-पकडीचा डबा काढला, मशीनपाशी आलो, तर मावशी आधीच रजिस्टर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे नुसतं प्रेमाने पाहिलं. मी डबा खाली ठेवला आणि चपला पायात सरकवल्या.

"पांढरंच ना?" मी विचारलं.