चौदा महिन्यांचा मळ

त्या शनिवारी सकाळी ऊन असं पडलं होतं, की खिडकीत ओला रुमाल धरावा आणि दहा अंक मोजेपर्यंत तो वाळून खडखडीत व्हावा. वारा हलका, कोरडा. आभाळात औषधालाही ढग नव्हता. नानांनी खिडकीतून हात बाहेर काढून हवा जोखली आणि स्वतःशीच म्हणाले, "धुण्याला दिवस चांगला आहे."

(पुढचं सगळं या एका वाक्यातून झालं. आभाळ भरलेलं असतं, तर सांगण्यासारखं काही घडलंच नसतं.)

हवा जोखायची सवय नानांना नोकरीतली. अडतीस वर्षं त्यांनी रेल्वेच्या यार्डात डबे धुतले. शाळेत ते फारसे रमले नाहीत, आणि शाळेनेही त्यांना फार धरून ठेवलं नाही. पण डबा कसा धुवायचा हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. छपरापासून सुरुवात, मग खिडक्या, मग दारं, शेवटी चाकं. मळकी गाडी त्यांनी आपल्या हातून कधी फलाटावर जाऊ दिली नाही.

गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर ते लेकीकडे राहायला आले, त्याला आता तीन महिने झाले होते. लेक मायेची होती. जावईही भले होते, पण बोलणं मोजकं. सासरे-जावई दिवसाकाठी दोन वाक्यं बोलत. जावई विचारत, "जेवलात का, नाना?" नाना म्हणत, "हो. तुम्ही?" दुसऱ्या दिवशी दोघं ताजेतवाने होऊन पुन्हा तीच दोन वाक्यं म्हणत. नानांना फार वाटे, या घरात आपल्या हातून काहीतरी व्हावं. पण घर असं टापटिपीचं, की करायला काही उरतच नसे.

जावई दिवसा एका कचेरीत कारकून होते आणि संध्याकाळी रेल्वे करत. खरीच रेल्वे, फक्त खऱ्याच्या शहात्तराव्या हिश्शाची. दुकानात मिळते ती खेळण्यातली नव्हे. हिच्यात रुळाची जाडी, चाकाची कड, दाराचा खिळा न् खिळा मापात. केसाएवढी चूक झाली तरी ती जाणकारांना दिसते, आणि गावात असल्या जाणकारांचा चांगला भरभक्कम संघ होता. दर वर्षी एका शनिवार-रविवारी शाळेच्या सभागृहात संघाचं प्रदर्शन भरे. शनिवारी दुपारी बारा वाजता अध्यक्ष भिंग घेऊन फिरत. त्यांच्या भिंगाखालून जी गाडी पास होई, तिला रविवारी संघाच्या मोठ्या लाइनीवर, अख्ख्या सभागृहाला वळसा घालून धावायचा मान.

जावई दोनदा नापास झाले होते. एकदा फलाटाच्या विटा मापापेक्षा मोठ्या निघाल्या. एकदा गाडी स्टेशनात उभी असताना स्टेशनचं घड्याळ आणि भिंतीवरचं वेळापत्रक यांत चार मिनिटांचा फरक निघाला.

"नाना, या खेपेला झालं नाही, तर सगळं बांधून माळ्यावर टाकणार म्हणतात," लेक आदल्या दिवशी हळूच म्हणाली होती. "आणि ते टाकतील हो. मग संध्याकाळी करतील काय? नुसते भिंतीकडे बघत बसतील."

तर त्या सकाळी जावई डोंगर, पूल आणि स्टेशन टेंपोत घालून सातलाच पुढे गेले. सात डब्यांची पॅसेंजर मात्र त्यांनी टेंपोत चढवली नाही. हादरे बसले असते. "पेटी मांडीवर घेऊन या," असं लेकीला तीनदा बजावलं. लेक आंघोळीला गेली. पेटी जेवणाच्या टेबलावर होती. नानांनी सहज झाकण उचललं.

आणि पेटी उचलून खिडकीच्या उजेडात नेली.

डबे सुरेख होते. बोटभर उंचीचे, खिडक्यांना काचा, दारांना दांडे. पण मळ! छपरावर काजळी, खिडक्यांखाली ओघळ, खाली चिखलाचा तांबडा थर. यार्डात असा डबा दिसला असता तर मुकादमाने सगळ्यांना ओळीत उभं केलं असतं.

'बिचारे जावईबापू,' नानांना वाटलं. 'डोंगर केला, झाडं केली, पूल केला. गाडी धुवायची तेवढी राहून गेली. एकटा माणूस, करील तरी काय काय?'

त्यांनी कोमट पाणी घेतलं. भांड्यांचा साबण घेतला. मऊ ब्रश हवा होता, तो जावयांच्या दाढीच्या सामानात मिळाला. (तो त्यांनी नंतर स्वच्छ धुऊन जागेवर ठेवला. नाना पद्धतशीर माणूस.) छपरापासून सुरुवात, मग खिडक्या, मग दारं, शेवटी चाकं. वीस मिनिटांत सातही डबे खिडकीच्या कट्ट्यावर उन्हात चमकायला लागले. तीन महिन्यांत पहिल्यांदाच नानांना या घरात आपण पाहुणे नाही असं वाटलं.

लेक बाहेर आली तेव्हा पेटीचं झाकण लागलेलं होतं.

"नाना, एवढे खुशीत?"

"हवा छान आहे," नाना म्हणाले.

सभागृहात छातीएवढ्या उंच टेबलांवर गावंच्या गावं मांडली होती. चष्मे लावलेली पोक्त माणसं वाकड्या तारेने डब्याला डबा जोडत होती आणि जोडला की श्वास सोडत होती. जावयांच्या शेजारच्या टेबलावर एक दातांचे डॉक्टर होते. त्यांची इवलीशी दगडाची खाण होती, आणि ती ते दात कोरायच्या सुईने साफ करत होते.

जावई पेटीवर झडप घालूनच आले. "हादरली नाही ना?"

"जरासुद्धा नाही," नाना म्हणाले. "उघडा ना, जावईबापू. उघडाच."

जावयांनी झाकण उचललं, आणि ते हातात तसंच राहिलं.

"नाना," ते म्हणाले. "मळ कुठे गेला?"

"मोरीत," नाना अभिमानाने म्हणाले.

"मोरीत?"

"आभार नका मानू. घरचंच काम ते."

"चौदा महिने लागले होते हो मला!"

"तेच म्हणतो मी. चौदा महिन्यांत धुवायला सवड नाही मिळाली, तर एका सकाळी कुठून मिळणार?"

"धुवायला नाही, नाना. मळवायला!"

लेकीने तोंडाला पदर लावला. ती हसते आहे की रडते आहे, हे तिचं तिलाही नक्की कळलं नसावं. दातांच्या डॉक्टरांनी टाचा उंचावून पेटीत डोकावलं आणि, दात काढण्यापूर्वी पेशंटला म्हणतात त्या आवाजात, म्हणाले, "अरेरे."

मग नानांना कळलं. मळ घातलेला होता. एकेक दिवस, एकेक डबा, बारीक भुकटी कुंचल्याने टिपून टिपून. ती पक्की करायला वरून रोगण मारावं लागतं, पण रोगणाने गंजाचा रंग मरतो म्हणून जावयांनी ते मारलं नव्हतं. म्हणूनच तर ती एवढी सहज निघाली. (नाना मनात म्हणाले होते, 'आपल्या हाताला अजून जोर आहे.')

जावई चिडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "असू दे, नाना. तुम्ही बसा. चहा घ्या." आणि रंगांच्या बाटल्या पिशवीत भरायला लागले, त्याही थोड्याच आणलेल्या, भुकटीचे डबे तर घरीच राहिले होते. घड्याळात दहा वाजले होते. तीस वर्षं जुन्या, गवत उगवलेल्या, झिजलेल्या स्टेशनात सात डब्यांची कोरी करकरीत पॅसेंजर उभी होती. लग्नाच्या वऱ्हाडातून वाट चुकून आल्यासारखी.

नाना खुर्चीवर बसले. चहा हातात निवत गेला. उद्या आपलं सामान बांधावं आणि आपल्या खोलीवर परत जावं, असं त्यांनी ठरवलंसुद्धा. जाताना काय म्हणायचं तेवढं सुचेना, म्हणून ते इकडेतिकडे बघत राहिले. आणि बघता बघता त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. ते उठले. एका टेबलापाशी गेले, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या.

परत येऊन म्हणाले, "जावईबापू, एक बोलू? रागावू नका."

"बोला."

"इथे सगळ्यांचा मळ चुकलाय."

"म्हणजे?"

"सगळीकडे सारखा लावलाय. भिंतीला गिलावा लावतात तसा. मळ असा बसतो होय? तुमचाही चुकलाच होता. वाईट वाटून घेऊ नका. दाराच्या दांड्यावर कसला आला मळ? तिथे दिवसाला हजार हात लागतात, तो चकाकतो. खिडकीच्या खालच्या कडेवर माणसं कोपर टेकतात, तीही चकाकते. काजळी इंजिनाच्या अंगाला जास्त. तांबडी धूळ ब्रेकची, ती चाकापासून वर वितीएवढी, पुढे नाही. अहो, अडतीस वर्षं मी तोच खरवडला!"

 बाटल्या भरायच्या थांबल्या.

"भुकटी घरी राहिलीय, नाना."

"भुकटीला काय तोटा?"

मग जी धावपळ झाली, ती शाळेच्या शिपायाने आयुष्यात पाहिली नसेल. लेकीने वर्गातलं डस्टर आणून खडूची धूळ कागदावर झटकली. डॉक्टरांनी आपल्या सुईने खिडकीच्या गजांवरचा गंज खरवडला. ("रुग्ण शांत आहे," ते गंभीरपणे म्हणाले.) पेन्सिलीचं शिसं पातीने किसलं. चहाचा साका गाळून घेतला. लेकीच्या पर्समधली डोळ्यांना लावायची तपकिरी पूडही कामाला आली.

"ती महागातली आहे हं!" लेक म्हणाली.

"डब्यालाही शोभेल," नाना म्हणाले.

नानांची बोटं जाड आणि नजर अधू. कुंचला त्यांना जमेना. जावयांची बोटं नाजूक, पण मळ कुठे हे त्यांना ठाऊक नाही. तेव्हा एकाने सांगायचं आणि दुसऱ्याने लावायचं, असं ठरलं.

"इथे?"

"जरा खाली. छपराचं पाणी इथून गळतं. हां, एक ओघळ. बस! दुसरा नको. पाणी काय हौसेने गळतं?"

"आणि इथे?"

"तिथे बोट फिरवा आणि पुसून टाका. तिथे पोरं नाव लिहितात."

"नाना, हे मला कुणी सांगितलंच नाही हो कधी."

"तुम्ही विचारलं कुठे? तुम्ही जेवलात का एवढंच विचारता."

जावई हसले. तीन महिन्यांत नानांनी त्यांचे सगळे दात पहिल्यांदाच पाहिले.

नानांना घाई ठाऊक नव्हती. डब्याला वीस मिनिटं म्हणजे वीस. त्यामुळे अध्यक्ष टेबलापाशी आले (दहा मिनिटं लवकरच) तेव्हा चार डबे झाले होते आणि तीन लख्ख होते. अध्यक्ष उंच, बारीक, खांद्यावर पंचा टाकावा तसा खांद्यावर मोजमापाची फीत टाकलेले. ते वाकले. भिंग पहिल्या डब्यावरून सरकत सरकत गेलं. 

"हा दांडा चमकतो कसा?" अध्यक्षांनी विचारलं.

"हात लागून लागून, साहेब," नाना म्हणाले.

"हं. आणि डब्याच्या टोकाला, खाली, हा पिवळट डाग?"

जावयांनी डोळे मिटले. त्या डागाबद्दल नाना फार हट्टाने बोलले होते.

"तिथे आत संडास असतो, साहेब."

 अध्यक्षांनी भिंग खाली केलं, नानांकडे पाहिलं, पुन्हा भिंग वर केलं. "बावीस वर्षं मी या गाड्या तपासतोय," ते सावकाश म्हणाले. "कुणीही हा डाग केला नाही." मग भिंग पुढे सरकलं. "आणि हे शेवटचे तीन? हे कोरे का?"

जावई पेटीचं झाकण शोधायला लागले.

"ते धुऊन झालेत, साहेब," नाना म्हणाले. "गाडी यार्डातून आली ना आत्ता. तीन डबे धुतले आणि टाकीतलं पाणी संपलं. आमच्याकडे आठवड्यातून दोनदा तरी असं व्हायचं. मग गाडी तशीच पाठवायची. सोडायची वेळ थोडीच थांबते?"

अध्यक्षांनी खिशातली वही काढली. फार वेळ काहीतरी लिहिलं. मग म्हणाले, "उद्या सकाळी अकरा. मोठी लाइन. आणि हे गृहस्थ गाडीबरोबर हवेत."

रविवारी पॅसेंजर सभागृहाला पाच वेळा वळसा घालून आली, चार मळके डबे आणि तीन धुतलेले. पाचव्या वळशाला जावयांनी चालवायची कळ नानांच्या हातात दिली. नानांनी ती इतकी हळू फिरवली, की गाडी पुलावर उभीच राहिली. पण लोकांना वाटलं सिग्नल नसेल. दुपारपासून जावयांच्या टेबलापुढे माणसांची ही रांग. प्रत्येकाच्या हातात आपापला डबा. "नाना, हा बघता का? नाना, पावसाचा ओघळ डावीकडून की उजवीकडून?" संघाने त्यांच्या सदऱ्यावर एक गोल बिल्ला लावला. त्यावर लिहिलं होतं 'मळ-सल्लागार'. नानांनी तो लेकीकडून दोनदा वाचून घेतला. सामान बांधायचा विचार त्यांच्या डोक्यातून कधी गेला, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. परतताना जावई पुढच्या वर्षीच्या मालगाडीबद्दल बोलत होते. बोलतच होते. नानांना मध्ये 'हो' म्हणायलाही फट सापडेना.

संध्याकाळी ते जिना चढले तेव्हा नानांचे हात कोपरापर्यंत काळे होते, सदऱ्यावर गंज होता आणि बिल्ला झळकत होता. शेजारीणबाई दारात भाजी निवडत बसल्या होत्या. त्यांनी नुसतं "काय हो हे?" म्हटलं, आणि नानांनी पहिल्यापासून सगळी हकिगत सांगितली. सावकाश, काही न गाळता, दांडा कसा चमकतो आणि ओघळ कसा उतरतो यासकट. शेवटी बिल्ला पुढे करून ते थांबले.

शेजारीणबाईंनी शेंगेची शीर ओढून काढली, घराच्या आत नजर टाकली आणि म्हणाल्या, "त्यात काय एवढं, नाना? आमच्या ह्यांनी चाळीस वर्षं एकाच जागी टेकून बसून अख्खी भिंत मळवलीय. डोकं कुठे, पाठ कुठे, लांबून ओळखू येतं! त्यांना कुणी साधा बिल्ला तरी दिला का?"